सोनं परत आलं, माळ आली नाही

पत्र :

'ताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. ज्येष्ठात अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. आत नेताना सिस्टरांनी हातातल्या पाटल्या आणि कानातल्या कुड्या काढल्या, पाकिटात घालून माझ्या नवऱ्याची सही घेतली आणि त्यांच्या हातात दिल्या. गळ्यातली तुळशीची माळ मात्र आमच्याकडे आलीच नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. विचारलं तर म्हणाले, "माळ होती का? कागदावर तर नाही."

ती माळ आत्याबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी पंढरपुरात घातलेली. एकदा वारीत चांदोबाच्या लिंबापाशी तुटली, तेव्हा मामंजींनी रस्त्याच्या कडेला बसून ती ओवली. एक मणी सापडेना, म्हणून स्वतःच्या माळेतला काढून घातला. तो बाकीच्यांपेक्षा जरा मोठा होता. मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली. माळ तुटली तर ती परत गळ्यात पडेपर्यंत आत्याबाई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. त्यात शुगरच्या गोळ्या चालू. आम्ही घाबरलो. नवऱ्याने बाजारातून तसलीच माळ आणली आणि त्या गुंगीत असताना गळ्यात घातली.

घरी येऊन महिना झाला. वॉकर धरून चार पावलं टाकतात. पण रोज रात्री मणी चाचपत बसतात आणि मला विचारतात, "माझीच बोटं चुकत्यात का गं?" मी काही बोलत नाही. त्यांना सांगावं का? दवाखान्यावर तक्रार करावी का? वॉर्डातल्या मावशीनेच माळ घेतली, अशी नवऱ्याची खात्री आहे. ते तिला सगळ्यांसमोर वाट्टेल तसं बोलले. मला ते पटलेलं नाही.'

— एक सून, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'माझीच बोटं चुकत्यात का गं?' त्यांची बोटं चुकत नाहीत. चाळीस वर्षं ज्या माळेवरून हात फिरला तिचा मोठा मणी कुठे येतो, हे त्या बोटांना झोपेतही कळतं. तो मणी आता नाही. खरं काय ते त्यांच्या बोटांना कळलंय, आणि घरातले सगळे गप्प आहेत. अशा वेळी म्हातारं माणूस घरच्यांवर संशय घेत नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर या वयाची कित्येक माणसं दोन-चार दिवस भरकटतात, असंबद्ध बोलतात. तुम्हीच कुणीतरी त्यांना नंतर सांगितलं असेल, 'आत्याबाई, तुम्ही आम्हाला ओळखत नव्हता.' आता त्या मनाशी म्हणत असतील की तो भ्रम अजून गेलेला नाही. माळ गेली हे दुःख त्या सोसतील. आपलं डोकं चालेनासं झालंय ही भीती त्यांना आतून खाईल, आणि ती तर खोटीच आहे. म्हणून त्यांना सांगा. या आठवड्यातच.

मी एकतीस वर्षं सिस्टर होते. त्यातली अकरा ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. पण जी गोष्ट सांगणार आहे ती त्याआधीची, १९९४ ची. मी बायकांच्या वॉर्डात होते. न्यूमोनियाने एक आजी दाखल झाल्या. कमरेला चंची, मळून काळी पडलेली, तंबाखूच्या वासाची. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांचा राउंड होता. मी आयाला म्हटलं, 'ती घाण आधी काढ.' तिने काढली आणि कचऱ्यात टाकली. संध्याकाळी आजी चंची मागायला लागल्या. मी सहज बोलून गेले, 'तुमच्या मुलाबरोबर घरी पाठवलीय.' त्या शांत झाल्या. मला वाटलं, सुटलो.

महिन्याने दुपारच्या ड्यूटीला मी टेबलापाशी रिपोर्ट लिहीत होते. समोर आजी उभ्या. दोन एसट्या बदलून आल्या होत्या. म्हणाल्या, 'सिस्टर, घर सगळं धुंडाळलं. चंची नाय.' तिच्यात त्यांच्या थोरल्या मुलाचं पलटणीतून आलेलं शेवटचं पत्र होतं, घड्या पडून पडून चार तुकडे झालेलं. आणि पुढे म्हणाल्या, 'सुनेनं टाकली म्हणून तिच्याशी महिनाभर बोलले नाय मी.' मी तिथल्या तिथे खरं सांगितलं. त्या रडल्या. मला शिव्या देतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, 'परतीची गाडी कितीला हाय?' त्यांना सुनेकडे जायची घाई होती.

ते पत्र मी परत आणून देऊ शकत नव्हते. पण एका घरातला महिनाभराचा अबोला माझ्या एका वाक्याने झाला होता, आणि ते वाक्य मी त्या आजींना बरं वाटावं म्हणून बोलले होते. त्या दिवसानंतर मी कुठल्याही पेशंटला 'घरी पाठवलंय' म्हणून सांगितलं नाही.

आता तुमची माळ कुठे गेली असेल ते सांगते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळचा तो अर्धा तास मी हजारो वेळा पाहिलाय. ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, फोन येतो, 'पेशंट पाठवा.' वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात उभा. सिस्टर कागद घेऊन येते आणि एकेका रकान्यात खूण करत जाते : उपाशी आहे का, संमतीची सही झाली का, कवळी काढली का, नखांचा रंग पुसला का, दागिने काढले का. यातलं काहीच उगीच नसतं. कवळी सुटून घशात अडकू शकते. नखाला रंग असला तर बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन नीट दाखवत नाही. सलाइनने हात सुजला की अंगठी रुतते, आणि अंगावर धातू असला तर कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायच्या यंत्राच्या, विजेचा चटका बसायची भीती असते. पण त्या कागदावर दागिने म्हणजे सोनं आणि चांदी. तुळशीच्या माळेला रकाना नाही. म्हणून पाटल्यांना पाकीट मिळालं, सही मिळाली, आणि माळ कुणी लिहिलीच नाही. 'कागदावर तर नाही' हे उत्तर त्या सिस्टरने खोटेपणाने दिलं असेल असं मला वाटत नाही. कागदावर खरंच नसणार, आणि चूक नेमकी तिथेच आहे.

माळ लाकडाची, तिला कॉटरीचं भय नाही. तरी गळ्यातून काढतात, कारण गळ्यापाशी मॉनिटरच्या तारा असतात, भूलतज्ज्ञांचे हात असतात, घाईच्या वेळी तिथे काही नको असतं. आम्ही माळ, ताईत, गंडा असलं काही काढलं की पेशंटच्याच मनगटाला वेढे देऊन वरून गॉजची पट्टी बांधायचो. शुद्धीवर आल्यावर कित्येक जण आधी तो हात उचलून बघायचे, मग पाणी मागायचे. ही पट्टी बांधायला मिनिटसुद्धा लागत नाही.

तुमच्याकडे ती बांधली गेली नाही. बहुतेक असं झालं असेल : माळ काढली तेव्हा तुमचे यजमान खाली काउंटरवर डिपॉझिट भरत असतील, कारण बोलावणं नेमकं त्याच वेळी येतं. सिस्टरने ती उशीपाशी ठेवली, किंवा काढलेल्या पातळावर. स्ट्रेचर गेलं. मागून कॉटवरची चादर बदलायला मावशी आल्या आणि चादर, खोळ सगळं एकत्र गुंडाळून उचललं. ते गाठोडं धोब्याकडे गेलं. रक्त-मळ लागलेला कपडा टाकूनच द्यायचा असला तर तो पिवळ्या पिशवीत जातो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पिशवी ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि पिवळ्या पिशवीतलं बहुतेक सगळं भट्टीत जळतं. वस्तू हरवल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं की शोधायच्या निम्म्या जागा संपलेल्या असतात. कवळ्या अशाच जातात. जेवताना काढून कागदात गुंडाळून ताटात ठेवल्या की ताटाबरोबर गेल्या. कानाची यंत्रं उशीच्या खोळीतून जातात. आणि कवळी-चष्मा-यंत्र गेलं की म्हातारं माणूस धड जेवत नाही, धड ऐकत नाही, मग भ्रम आणखी वाढतो आणि सगळे म्हणतात, 'वयच झालंय.' याबद्दल मला फार वाटतं, पण तो विषय पुन्हा कधी.

एक काम करा. दवाखान्याच्या लिनन रूममध्ये किंवा धुलाईच्या कंत्राटदाराकडे स्वतः जा, फोनवर विचारू नका. धुण्यातून निघालेल्या वस्तूंचा एक डबा बहुतेक ठिकाणी असतो. मी होते तिथे तो श्रीखंडाचा रिकामा डबा होता. बटणं, काळी पोत, देवाचा बिल्ला, लहान मुलाच्या करगोट्याचा तुकडा असलं काय काय त्यात महिनोन्‌महिने पडून असायचं, कारण ते कुणाचं हे कुणालाच माहीत नसायचं. सुटे मणी असले तरी उचला. मोठा मणी तुम्ही ओळखाल. सापडेलच असं मी म्हणत नाही, आणि 'आधी शोधू, मग आत्याबाईंना सांगू' असंही ठरवू नका.

आता मावशींचं. वॉर्डातून चोऱ्या होतात हे मी नाकारत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या वॉर्डात नातेवाइकांना पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा अंगठ्या, मंगळसूत्रं, मोबाइल गेल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या, काही कर्मचारी पकडलेही गेले. माझ्याच पेशातले लोक ते, मान खाली जाते. पण तुमच्या बाबतीत जरा विचार करा. सोनं जसंच्या तसं परत आलं, आणि जिची बाजारात काही किंमत नाही ती तुळशीची माळ कुणी कशाला चोरेल? त्या मावशी बहुधा कंत्राटावर असतील. त्यांच्याविरुद्ध चारचौघांत असा आवाज चढला की दुसऱ्या दिवशी कंत्राटदार नाव कमी करतो, चौकशी वगैरे कुणी करत नाही. लिनन रूमला जाल तेव्हा यजमानांना बरोबर न्या, आणि ते जसे सगळ्यांसमोर बोलले तशीच सगळ्यांसमोर माफी मागू द्या. त्यांना हे जड जाईल. आईची वस्तू आपल्या हातून गेली, आपण त्या वेळी काउंटरवर होतो, हा सल त्यांच्या पोटात असणार, आणि तो राग बिचाऱ्या मावशींवर निघाला. हे त्यांना तुम्हीच समजावून सांगू शकाल, मी नाही.

तक्रार मात्र जरूर करा, आणि ती माणसाची करू नका, कामाच्या पद्धतीची करा. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. तारीख, वॉर्ड, कॉट नंबर, किती वाजता ओटीत नेलं, माळेचं वर्णन, मोठा मणी, सगळं लिहा. ओटीत पाठवण्याआधी भरलेल्या त्या कागदाची आणि नर्सिंगच्या नोंदींची प्रत मागा. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. अर्जावर आत्याबाईंची सही किंवा अंगठा लागेल, म्हणजे सांगणं आधी, अर्ज नंतर. वॉर्डाबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा असंही लिहा. जुनं बहुधा पुसलं गेलं असेल, तरी लिहा.

दर्शनी भागात 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही' अशी पाटी असेल आणि तुम्हाला ती दाखवतील. पाटी लावली की विषय संपला असं कायद्यात नाही. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात गेली की त्याने ती शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू जपावी तेवढी जपायची, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ मध्ये आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या खटल्यात हेच सांगितलं. पाहुण्याने गाडी लावायला हॉटेलच्या माणसाकडे दिली, ती चोरीला गेली, आणि 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असं पावतीवर छापलं होतं. स्वतःचा हलगर्जीपणा असेल तर त्या छापील ओळीमागे लपता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. खटला गाडीचा होता, दवाखान्याचा नव्हता, पण दवाखान्याच्या माणसाने गळ्यातली वस्तू स्वतःच्या हाताने काढली असेल तर मुद्दा तोच येतो. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांना रुग्ण हक्कांची सनद लावावी लागते, आणि तक्रार ऐकायला महापालिकेकडे किंवा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे कक्ष असायला हवा. अधीक्षकांनी दाद दिली नाही तर तिथे जा.

त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती तुमच्या राहत्या जिल्ह्यातही चालते, आणि दवाखान्याचं बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक मदतीचा नंबर आहे. पण माझं मत विचाराल तर आयोगाकडे जाण्याआधी अर्जात एकच गोष्ट ठासून मागा : त्या छापील कागदावर 'दागिने'च्या खाली 'माळ, ताईत, कवळी, चष्मा, कानाचं यंत्र, इतर' असा रकाना वाढवा, आणि तो वाढवल्याचं आम्हाला लेखी कळवा. भरपाईचे पैसे घेऊन तुम्ही काय करणार, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात असणार. त्या रकान्याने पुढच्या खेपेला कुणाची तरी माळ मनगटावर राहील. उडवाउडवीची उत्तरं आली तर मात्र आयोगाकडे बिनधास्त जा.

आणि आता सांगायचं कसं. तुमची भीती खरी आहे. शुगरची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, आणि या वयात, मोडलेल्या खुब्यावर, चक्कर येऊन पडणं परवडणारं नाही. म्हणून दोन फोन आधी करा. एक तुमच्या डॉक्टरांना : आई अर्धा दिवस न खाता राहिल्या तर गोळीचं काय करायचं, एवढंच विचारा. दुसरा त्यांच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांना, नाहीतर ज्या महाराजांच्या हातून त्यांनी माळ घातली त्यांच्या घरी. खरं काय झालं ते त्यांना सगळं सांगा, नवी माळ गुंगीत घातली हेही सांगा, आणि त्या दिवशी सकाळी या म्हणावं. मी काही या परंपरेतली अधिकारी बाई नाही. पण वॉर्डात वारकरी पेशंट खूप पाहिले, आणि डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जे होत नाही ते त्यांच्यातल्या एका जाणत्या माणसाच्या शब्दाने होतं, हे डोळ्यांनी पाहिलंय. माळ गेल्यावर काय करायचं, कधी जेवायचं, हे ते सांगतील आणि आत्याबाई ऐकतील.

रात्री सांगू नका. सकाळची न्याहारी आणि गोळ्या झाल्या, की तुम्ही दोघं त्यांच्या कॉटपाशी बसा. उभं राहून सांगू नका. आणि बोलायचं यजमानांनी, कारण माळ त्यांनी आणली आणि त्यांनीच घातली. पहिलं वाक्य हेच असू दे : 'आई, तुझी बोटं बरोबर आहेत. ही माळ तुझी नाही.' त्यांच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरू दे. मग दवाखान्यात काय झालं ते जसं झालं तसं सांगा, 'आम्ही घाबरलो' हेही सांगा. दवाखान्याला शिव्या घालत बसू नका, नाहीतर त्यांनाच तुमचं सांत्वन करावं लागेल. त्या रागावल्या तर रागावू द्या. बोलल्याच नाहीत तरी उठून जाऊ नका.

त्यांना मामंजींचा तो मणी आठवेल आणि त्या त्याच्यासाठी रडतील, माळेसाठी कमी. त्या वेळी 'नवीन घेऊ' म्हणू नका. चांदोबाच्या लिंबापाशी काय झालं होतं ते त्यांना विचारा. तुम्ही ते ऐकलेलं असेल, तरी पुन्हा ऐका. मामंजींची माळ घरात जपून ठेवली असेल तर ती काढून त्यांच्या हातात द्या. तिच्यात एक मणी कमी आहे, तो कुठे गेला होता हे त्या सांगतील.

बाजारातून आणलेली माळ तुम्ही होऊन गळ्यातून काढू नका, आणि फेकू तर नकाच. ती ठेवायची, तुळशीवृंदावनाला वाहायची, की कार्तिकीला कुणाबरोबर तरी पंढरपूरला पाठवून देवाच्या पायाशी लावून आणायची, हे त्या आणि विणेकरीबुवा मिळून ठरवतील. त्या काही ठरवायला चार दिवस घेतील. घेऊ द्या.